चौथ्या धड्याचे हात

नववीचा संगणकाचा अभ्यासक्रम सर दरवर्षी घासूनपुसून नवा करत. पद्धत हिशेबी होती. कुठल्या धड्याला किती मुलांनी हात वर करून "सर, अडलं!" म्हटलं ते वहीत मांडायचं आणि सुट्टीत त्या अडचणीचं मूळच उपटायचं. एकच काम संगणकाकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायचा चौथा धडा सगळ्यात नाठाळ. पहिल्या वर्षी सत्तावीस हात. मग नऊ, मग दोन. यंदाच्या पहिल्या तुकडीला तर भोपळा.

त्या भोपळ्यावर सर दोन दिवस खूश होते. तिसऱ्या दिवशी ध्यानात आलं, आठवडाभरात शाळेत आपल्याशी बोललं कोण, तर शिपाई. आणि तेही "पंखा बंद करून जा" एवढंच. घरी तर बोलायला भिंतीच होत्या.

त्यात मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. "सर, तुमचे धडे आपोआप चालतात की! मग तिथे माणूस कशाला अडकवायचा? पुढच्या वर्षी कार्यालयात बसा, वेळापत्रकं करा. शुक्रवारी दुसऱ्या तुकडीचा तास बघते नि ठरवते."

वेळापत्रक काय कधी "सर, अडलं" म्हणणार होतं? सरांनी जन्मात केली नव्हती ती लबाडी केली. मुलं अडू नयेत म्हणून चौथ्या धड्यात घातलेल्या सगळ्या सूचना काढून टाकल्या. येऊ देत हात!

शुक्रवारी बाई मागच्या बाकावर बसल्या. दहाव्या मिनिटाला अख्ख्या वर्गाची गाडी रुतली. पडद्यांवर एकच ओळ उमटत राहिली, थांबेचना. सर बाह्या सावरून उभे राहिले.

एकही हात वर आला नाही. वर्षभर कुणाचं काही अडलंच नव्हतं. सरांना विचारायचं असतं, हे पोरांच्या गावीच नव्हतं. ती एकमेकांकडे वळली.

"तुझं थांबलं कसं गं?"

"किती वेळा ते सांग ना त्याला, बावळट!"

सर एका मुलीशेजारी वाकले. "कुठे अडलं, बाळ?"

"सर, जरा सरकता का? तिचा पडदा दिसत नाहीये."

सर सरकले.

तास संपल्यावर बाई खुशीत होत्या. "वा! पोरं एकमेकांना शिकवतात. ठरलं तर मग, पुढच्या वर्षापासून कार्यालय."

"बरं," सर म्हणाले. बाई दाराशी पोचल्यावर सरांनी घसा खाकरला. "तिथे... माझ्या शेजारी कोण बसतं?"

"शेजारी कशाला? अहो, स्वतंत्र खोली देतेय तुम्हाला!"