लाल पट्ट्याचा वळसा

लुबोमिर झाहाल्काने एक्केचाळीस वर्षांत डोंगरवाटेच्या खुणेचा एकही पट्टा चुकीच्या झाडावर मारला नव्हता. वर पांढरा, मध्ये लाल, खाली पांढरा. तिन्ही मिळून तळहाताएवढे. एवढ्याशा रंगाच्या भरवशावर आमचा अख्खा देश दर शनिवारी बूट चढवून डोंगरात घुसतो. आणि विश्वास तरी किती! समोर स्टेशन दिसत असलं आणि पट्ट्याचा बाण जंगलाकडे असला, तर लोक निमूटपणे जंगलात जातात.

झाहाल्काला ह्या विश्वासाचा फार अभिमान होता. लाल पट्ट्यांची वाट आपल्या स्ट्रॉबेरीच्या टपरीवरून न्यावी म्हणून त्याच्या सख्ख्या भावाने एकदा हातापाया पडून पाहिलं, तेव्हा "वाट कुणाच्या बापाची नसते" असं ह्याने त्याला ऐकवलं होतं. बाप दोघांचा एकच, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. भाऊ तेव्हापासून नाताळचं कार्डसुद्धा पाठवत नाही.

तर असा हा माणूस ऑगस्टमधल्या एका मंगळवारी बिघडला.

झालं असं, की दुपारी तो नेहमीप्रमाणे ब्लाझेनाबाईंच्या खानावळीत जेवायला बसला होता. बायको गेल्यापासून नऊ वर्षं तो तिथेच जेवायचा. खिडकीजवळचं टेबल, आधी लसणीचं सूप, मग जे असेल ते, आणि एक बिअर. ब्लाझेनाबाईही विधवाच. साठीच्या, रुंद खांद्यांच्या, बोलायला फटकळ. त्यांनी सूप ठेवलं आणि म्हणाल्या, "गरम आहे तोवर खा. आणि हो, तीस सप्टेंबरला मी खानावळ बंद करतेय."

"का?"

"का म्हणजे? मान वळवून बघा की."

झाहाल्काने मान वळवली. सहा टेबलं होती. एकावर तो, एकावर मांजर.

"ब्रनोला लेकीकडे जाईन. चौथ्या मजल्यावर खोली आहे. लिफ्ट आहे."

"लिफ्ट म्हणजे चांगलीच सोय," झाहाल्का म्हणाला आणि सुपात पाव बुडवला.

एवढंच बोलला तो! जगभराला वाट दाखवणारा हा माणूस, पण स्वतःच्या घशातून एक वाक्य बाहेर काढायची वाट काही त्याला सापडेना. नऊ वर्षांत त्या दोघांचं बोलणं झालं होतं ते हवा, गुडघे आणि आळंबी ह्या तीन विषयांवर. चौथा विषय कसा काढतात, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

पण पट्टे मारता येत होते.

लाल वाट काक टेकडीवरच्या मनोऱ्यापासून उतरून छोट्या देवळाशी यायची आणि डावीकडे वळून थेट स्टेशन गाठायची. खानावळ उजवीकडे, दहा मिनिटांवर. त्या बाजूला कुणी फिरकायचंच नाही, कारण तिकडे पट्टा नव्हता. झाहाल्काने रंगाचे डबे उचलले आणि जोडीदाराला, म्हणजे निवृत्त पोस्टमन आलोइसला, हाक मारली.

"वाट बदलतोय," तो म्हणाला.

आलोइसने त्याच्याकडे ताप तपासावा तसं पाहिलं. "पर्यटक मंडळाची परवानगी आहे?"

"आहे."

"दाखव."

"डोक्यात आहे."

"लुबोश, शुद्धीवर आहेस ना? मंडळाच्या त्या इंजिनिअरला कळलं तर तुझं पट्टे मारायचं ओळखपत्र काढून घेईल. आणि माझंही!"

"खानावळ बंद झाली तर तू बिअर कुठे पिणार?"

आलोइसने मनात अंतर मोजलं. पुढची खानावळ अकरा किलोमीटरवर होती. "पांढरा डबा माझ्याकडे दे," तो म्हणाला.

दोघांनी दिवसभरात वाट खानावळीच्या अंगणातून काढली आणि तळ्याच्या कडेने स्टेशनला नेऊन सोडली. जुने पट्टे राखाडी रंगाने पुसताना झाहाल्काला आपल्याच दाढीवर वस्तरा उलटा फिरवल्यासारखं वाटलं.

पहिल्याच शनिवारी चाळीस माणसं आली. पण आमची माणसं म्हणजे! घरून निघतानाच प्रत्येकाच्या पाठपिशवीत पाव आणि तळलेल्या मांसाचा तुकडा, कागदात गुंडाळलेला. लोक ब्लाझेनाबाईंच्या बाकांवर बसले, आपापले कागद उघडून जेवले आणि आपापली सफरचंदं खाल्ली. एका कुटुंबाने नुसतं गरम पाणी आणि चार कप मागितले, चहाची पुडी त्यांच्याकडे होती. एकच पुडी.

"आज चाळीस माणसं येऊन गेली," संध्याकाळी ब्लाझेनाबाई म्हणाल्या, "आणि संपलं काय, तर संडासातला कागद."

झाहाल्काला झोंबलं ते. रविवारी पहाटे तो एकटाच डबा घेऊन निघाला. खानावळीच्या मागून एक गाडीवाट जुन्या दगडाच्या खाणीवर चढते, खाणीला वळसा घालते आणि पलीकडून पुन्हा खानावळीच्याच फाटकाशी उतरते. अडीच किलोमीटर, आणि चढ असा की जीभ बाहेर यावी. त्याने लाल वाट तिकडे वळवली. पहिल्यांदा आले की पोट भरलेलं असतं. खाणीवरून परत आले की बघू कोण गरम पाणी मागतंय!

स्टेशनकडे जायचा पट्टाही त्याने ठेवला. अंगणातून बाहेर पडतानाच दिसेल असा, विजेच्या खांबाच्या आतल्या बाजूला. बाकावर जेवून उठलेल्यालाच तो दिसणार, नुसता पुढे जाणाऱ्याला खाणीचाच. पाप केलं, पण पट्टा मापात मारला.

आणि काय सांगावं, जमलं! माणसं खाणीवरून लालबुंद होऊन यायची आणि बाकांवर कोसळायची. बिअर, सूप, साईच्या रश्शातलं मांस. दोन वाजेपर्यंत उकडीचे गोळे संपायचे, ते खाल्ल्याशिवाय आमच्याकडे जेवण झालं असं कुणी म्हणत नाही. ब्लाझेनाबाईंनी लेकीच्या जुन्या मैत्रिणीला वाढायला बोलावलं. त्यांच्या गालांवर रंग चढला. त्यांनी नवा अ‍ॅप्रन शिवला.

"लोकांना चव कळते हो, झाहाल्का!" एका दुपारी त्या त्याच्यासमोर चक्क खुर्ची ओढून बसल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा. "नुसते बघून पुढे गेलेले लोक तासाभराने परत फिरून येतात. वास येत असेल का हो डोंगरापर्यंत?"

झाहाल्काला ठसका लागला.

"लेकीला म्हटलंय, नाताळपर्यंत थांब. मग बघू."

नाताळपर्यंत! झाहाल्का घरी जाताना शीळ घालत गेला, आणि अर्ध्या वाटेत त्याला आपली लाजही वाटली. बाई आपल्या रश्शावर खूश होती आणि श्रेय होतं खाणीच्या चढाचं.

मग गुरुवारी आलोइस धापा टाकत आला. "मेलो! शनिवारची जिल्ह्याची पदयात्रा आपल्या लाल वाटेवरून काढतायत. तीनशे बारा नावं आली आहेत. आणि पुढे स्वतः इंजिनिअर श्टेपानेक!"

इंजिनिअर श्टेपानेक म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या पट्ट्यांचे प्रमुख. गुडघ्यापर्यंतची विजार, लाल मोजे. मंडळाची नियमावली त्यांनीच लिहिलेली, आणि तिच्यातलं पहिलंच वाक्य असं: खुणेवर शंका घेतो तो पर्यटक नव्हे, भटक्या.

"आजच्या आज खाणीवरचे पट्टे पुसू या," आलोइस म्हणाला.

शहाणा माणूस ते पुसून मोकळा झाला असता. पण झाहाल्काच्या डोळ्यांसमोर तीनशे बारा ताटं आली. एवढी माणसं एका दिवसात जेवून गेली, तर ब्लाझेनाबाई नाताळच काय, इस्टरपर्यंतसुद्धा हलणार नाहीत. त्याने पट्टे तसेच ठेवले, वर शनिवारसाठी बिअरची दहा पिंपं जास्त मागवून ठेवली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शनिवारी साडेदहाला बिअरची गाडी आली आणि ड्रायव्हरने ती सावली बघून नेमकी विजेच्या खांबाला चिकटून लावली. पिंपं उतरवली, आणि "एवढी आणलीत तर एक चाखतो" म्हणून तो गोठ्यामागे जाऊन आडवा झाला. किल्ली त्याच्या खिशात. स्टेशनचा पट्टा गाडीआड.

अकराला पदयात्रा आली. वाटेतल्या प्रत्येक ठिकाणी शिक्का घ्यायचं एक कार्ड असतं, त्यावर इंजिनिअरसाहेबांनी खानावळीचा शिक्का मारून घेतला, मागच्या तीनशे अकरांनीही घेतला, आणि पट्ट्यामागे सगळे खाण चढून गेले. तासाभराने उतरले. पदयात्रेत मध्ये बसायचं नसतं, म्हणून शिक्का मारून सगळे पुढचा पट्टा शोधू लागले. सापडला तो खाणीकडचाच.

"साहेब, इथून आपण मघाशी गेलो की," मागून एक बाई म्हणाली.

"पट्टा आहे ना?"

"पट्टा आहे."

"मग तसंच असेल. वाटेची काही रचना असते, बाई."

आणि तीनशे बारा माणसं पुन्हा खाणीवर निघाली.

झाहाल्का खिडकीतून बघत होता. तो गाडी ढकलायला धावला, आलोइसही धावला. दोन म्हातारे आणि साडेतीन टनांची गाडी! ती तसूभरही हलली नाही. गोठ्यामागे ड्रायव्हर घोरत होता, त्याला हलवलं तर म्हणाला, "आई, पाच मिनिटं."

तिसऱ्या फेरीला रांगेचं डोकं रांगेच्या शेपटीला भेटलं. पुढचे मागच्यांना विचारू लागले, "तुम्ही कुठली पदयात्रा?" एका आजोबांनी आपल्याच शेजाऱ्याला "किती वर्षांनी भेटताय!" म्हणून मिठी मारली. मघाच्या बाईने कार्ड उंच धरलं. "खानावळीचे तीन शिक्के झाले माझे! मनोऱ्याचा एकच!"

"पण पट्टा आहे ना?" इंजिनिअरसाहेब म्हणाले, पण आता त्यांचे मोजे घोट्यावर आले होते.

चौथ्या फेरीला कुणीतरी बाकावर बसलं, आणि मग सगळेच बसले. आणि मग जे झालं ते ब्लाझेनाबाईंच्या खानावळीने जन्मात पाहिलं नव्हतं. सूप संपलं. मांस संपलं. गोळे संपले, पाव संपला, मुरवलेल्या काकड्यांचं पाणीसुद्धा एकाने पिऊन टाकलं. आणि चार वाजता, देवा, बिअर संपली. नळाने फस्स केलं आणि अंगणात अशी शांतता पसरली, की कुणी गेलंय असं वाटावं.

त्या शांततेत झाहाल्का उठून उभा राहिला. टोपी काढली. "वळसा मी घातलाय," तो म्हणाला. "परवानगी नव्हती. आलोइसचा ह्यात काही हात नाही. स्टेशन त्या गाडीमागून, तळ्याच्या कडेने."

कुणी त्याला मारलं नाही, कारण कुणात त्राण नव्हतं. इंजिनिअरसाहेबांनी नुसता हात पुढे केला. झाहाल्काने एक्केचाळीस वर्षांचं ओळखपत्र त्या हातावर ठेवलं. साहेबांच्या चार फेऱ्या झाल्या होत्या, त्यामुळे ओरडायलाही त्यांचा श्वास पुरला नाही.

"का पण?" त्यांनी विचारलं.

झाहाल्का उत्तर देणार, तेवढ्यात त्याला स्वयंपाकघराच्या दारात ब्लाझेनाबाई दिसल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी नवा अ‍ॅप्रन सोडला, खुंटीला लावला आणि दार आतून लावून घेतलं. ओळखपत्र गेल्याचं झाहाल्काला तेवढं वाईट वाटलं नाही, जेवढं त्या दाराचं वाटलं.

रविवारी तो राखाडी डबा घेऊन खाणीवर गेला आणि एकेक पट्टा पुसू लागला. अकराव्या झाडाशी असताना खालून कुणीतरी चढत येताना दिसलं. ब्लाझेनाबाई होत्या. कमरेवर हात, चेहरा बिटासारखा लाल.

"हा असला चढ?" त्या धपकन खाली बसल्या. "ह्यावर चढवलंत तुम्ही लोकांना? आणि मी वेडी, मला वाटलं माझ्या हाताला चव आहे!"

"चव आहेच. नऊ वर्षं रोज..."

"गप्प बसा!"

झाहाल्का गप्प बसला. मग त्याला वाटलं, गप्प बसूनच तर सगळं इथवर आलंय.

"खानावळ मी बंद करणार," ब्लाझेनाबाई म्हणाल्या. "काल तीनशे लोकांना वाढून माझे गुडघे गेले. अशी गिऱ्हाइकं नकोत मला, आणि आपणहून तर कुणी येत नाही. तुम्ही कशाला केलात हा उपद्व्याप? खरं सांगा. आणि तोंडाने सांगा, ब्रशने नको."

झाहाल्काने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. हात पुसले. एकदा पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

"जाऊ नका," तो म्हणाला. "सुपासाठी नाही म्हणत. म्हणजे, सुपासाठीही म्हणतोय. पण तुम्ही नसलात तर दुपारी घराबाहेर पडून कुठल्या बाजूला वळायचं, तेच मला कळणार नाही. तुमच्याशिवाय करमणार नाही मला. हे त्या मंगळवारीच सांगायला हवं होतं, तर मी लिफ्टचं कौतुक करत बसलो."

ब्लाझेनाबाईंनी गुडघ्यांवरची माती झटकली. झाहाल्काला वाटलं, आता उठतील आणि थेट ब्रनोची गाडी पकडतील.

"एका माणसासाठी खानावळ चालत नाही, झाहाल्का," त्या म्हणाल्या.

"हो. ते खरंच."

"घरातली शेगडी चालते." त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. "पण भांडी तुम्ही घासायची."

"घासेन," झाहाल्का म्हणाला.

"जरा विचार तरी करा. मी फार भांडी काढते."