डोळा गप्प बसला तेव्हा

मित्रांनो, नारीन या डोंगराळ शहराच्या दवाखान्यातल्या कोठारात, एका मोडक्या वजनकाट्याशेजारी, पांढऱ्या कापडाखाली मी बसून असतो. मी डोळे तपासणारे जुने यंत्र आहे. कापड क्वचितच कुणी उचलते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला कंटाळा येत नाही आणि थंडीही वाजत नाही.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यात झाला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझी भिंगे बसवली, पुसली आणि पुन्हा पुसली. माझ्या पोटात एक चित्र ठेवले : हिरवे माळरान, मधून जाणारा सरळ रस्ता आणि रस्त्याच्या टोकाला माणसे टोपलीत बसून उडतात तसला एक रंगीत फुगा. तुम्ही हनुवटी टेकवून माझ्यात पाहिले की आधी तो फुगा धूसर होतो, मग स्पष्ट होतो. तेवढ्यात मी तुमच्या डोळ्यात न दिसणारा प्रकाश सोडतो. तो कसा परत येतो त्यावरून मी चष्म्याचा नंबर सांगतो. तुम्हाला तोंडातून एक शब्द काढावा लागत नाही.

म्हणूनच माझे कौतुक झाले. पूर्वी मुलांना भिंतीवरची अक्षरे विचारावी लागत. कुणी लाजे, कुणी पाठ करून येई, कुणी रडे. मी आलो आणि सगळी विचारपूस थांबली. दवाखान्यातला जोल्दोश नावाचा तंत्रज्ञ मला पेटीत घालून गावोगावच्या शाळांत नेऊ लागला. जाडजूड, बोलका माणूस. मला गाडीत मागे न ठेवता स्वतःशेजारी बसवायचा आणि वर पट्टा बांधायचा.

अशाच एका शाळेत मी बुरुलला पहिल्यांदा पाहिले. खेळाच्या दालनात कोळशाची शेगडी पेटली होती. मुले कोट न काढताच रांगेत उभी होती. बुरुल नऊ-दहा वर्षांची असेल. ती माझ्यासमोर बसली आणि तिने श्वास रोखून धरला.

"श्वास घे गं," जोल्दोश म्हणाला. "मेंढीसारखं कापायला नाही बसवलेलं तुला."

"फुगा दिसतोय," बुरुल म्हणाली. "पण त्याच्या टोपलीत कुणीच नाही."

"मग तूच जाऊन बस. हं, डोळे मोठे कर."

तिच्या डोळ्यातून परत आलेला प्रकाश जरा थरथरत होता. एकदा एक आकडा, लगेच दुसरा. रांग लांब होती. शेवटी जो आकडा स्थिर झाला तो जवळजवळ शून्य होता. मी शून्य दाखवले.

तिच्या वर्गशिक्षिका सोनुन एजे, म्हणजे सोनुनताई, मागेच उभ्या होत्या. त्यांनी वाकून पाहिले. "बघितलंत? पलीकडच्या डोंगरावरचे घोडे मोजते ही पोरगी. आणि वाचायला सांगितलं की डोकं दुखतं. तळलेले बोरसोक खाताना नाही दुखत ते!"

सगळी मुले हसली. बुरुलही थोडी हसली. मग तिने जागा सोडली आणि पुढचे मूल बसले.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच दालन, तीच शेगडी. या वेळी बुरुलची आई कुम्बत सोबत आली होती. नवरा परदेशी बांधकामावर, घरी जनावरे आणि आणखी एक तान्ही पोर. उभ्या उभ्याच ती जोल्दोशला म्हणाली, "नीट बघा एकदा. हिचं पुस्तक उघडलं की रोज तमाशा. डोळे चोळते, ओळी सोडून वाचते, रडते."

मी पाहिले. पुन्हा शून्याच्या आसपास.

"डोळे ठणठणीत आहेत," जोल्दोश म्हणाला.

"आपा, खरंच अक्षरं हलतात," बुरुल आईला म्हणाली. "आधी दिसतात, मग एकमेकांवर चढतात."

"यंत्राला काय तुझा राग आहे होय?" कुम्बत म्हणाली. "ते कशाला खोटं सांगेल? आळस आहे तुझा, दुसरं काही नाही. शिकायचंच नाही तर वर कुरणावर जा मावशीकडे. घोडींचं दूध काढ. तिथे अक्षरं नाहीत, हलायची भानगड नाही."

बुरुल उठली. तिचा चेहरा माझ्या समोरून बाजूला झाला तेव्हा त्यावर काहीच नव्हते. मला ते आठवते, कारण इतर मुलांच्या चेहऱ्यावर काहीतरी असते.

तो उन्हाळा तिने कुरणावर काढला. परतल्यावर शाळेत ती नावापुरती जाऊ लागली, आणि पुढच्या उन्हाळ्यापासून शाळा सोडवायची असे कुम्बतने ठरवून टाकले. हे सगळे मला नंतर कळले.

त्याच सुमारास मला दवाखान्याच्या खोलीत कायमचे बसवले आणि कान्यशाय नावाच्या नव्या डॉक्टर बदलून आल्या. आवाज हळू, कामात सावकाश. एका तपासणीला इतका वेळ का लावता म्हणून बाहेर बाकावरच्या बायका कुरकुरत. एक दिवस त्याच बाकावर कुम्बत आणि बुरुल येऊन बसल्या. बुरुलचा डावा डोळा नाकाकडे वळू लागला होता.

"नातेवाईक बोलायला लागलेत," कुम्बत डॉक्टरांना म्हणाली. "मुलगी तिरळी झाली म्हणतात. काही औषध असेल तर द्या. नंबर नाही तिला, यंत्रात बघून झालंय."

कान्यशायनी बुरुलला विचारले, "वाचताना काय होतं?"

बुरुलने आईकडे पाहिले. "काही नाही."

"अक्षरं हलतात?"

ती म्हणाली, "पूर्वी हलायची. आता मी वाचतच नाही."

डॉक्टरांनी तिच्या दोन्ही डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातले. थोड्या वेळाने पुन्हा घातले. थेंब झोंबले तरी बुरुल भिंतीला टेकून राहिली. मग तिला माझ्यासमोर बसवले.

तिचा प्रकाश या वेळी थरथरला नाही. सरळ परत आला. मी मोठा आकडा दाखवला, प्लसचा. उजव्या डोळ्याचा मोठा, डाव्याचा त्याहून मोठा.

जोल्दोशने माझी काच पुसली. पुन्हा मोजले. "बिघडलं वाटतं हे. कालपर्यंत बरं चाललं होतं."

"यंत्र ठीक आहे," कान्यशाय म्हणाल्या. "आज पहिल्यांदाच तिचा डोळा गप्प बसलाय."

मग त्या कुम्बतशेजारी बसल्या. हिचे डोळे आखूड आहेत, त्या म्हणाल्या. अशा डोळ्याला लांबचे पाहायलाही आतला स्नायू ताणावा लागतो, आणि जवळचे पाहायला तर फारच. लहान वयात ताण निभतो, म्हणून घोडे दिसतात. यंत्रात पाहतानाही डोळा तसाच ताणलेला असतो, म्हणून नंबर लपतो. थेंबांनी तो स्नायू सैल पडला.

"भरलेली बादली हात लांब करून धरायची," डॉक्टर म्हणाल्या, "आणि दिवसभर धरून ठेवायची. तसं वाचत होती ती."

"म्हणजे ती खोटं बोलत नव्हती?" कुम्बतने विचारले.

"नाही."

"कधीच?"

"याबाबतीत तरी नाही."

कुम्बत रडली नाही. तिने हातमोजे घातले, काढले, मांडीवर ठेवले. मग विचारले, "गावाची गाडी किती वाजता सुटते?"

जोल्दोशने सांगितले. थोड्या वेळाने तिने तेच पुन्हा विचारले. त्याने तितक्याच शांतपणे पुन्हा सांगितले. बुरुलने माझ्या पट्टीवर कपाळ टेकवलेले होते, ते तिने उचललेच नाही.

मित्रांनो, मला वाईट वाटले असे सांगता आले असते तर बरे झाले असते. वाटायला माझ्यात जागा नाही. समोरचा डोळा जसा असेल तसा मी मोजतो. तो ताणलेला आहे की सैल, ते मला समजत नाही.

चष्मा आला तेव्हा बुरुल पुन्हा आली. उजवा डोळा पट्टीने झाकायचा होता, म्हणजे मागे पडलेल्या डाव्याला काम करावे लागेल. हे लहानपणी झाले असते तर डोळा पुरता सुधारला असता, आता जेवढा सुधारेल तेवढा, असे डॉक्टरांनी काहीही न लपवता सांगितले. मग पट्टी काढून, दोन्ही डोळ्यांनी वाचायला तिच्या हातात एक कागद दिला. बुरुल पहिलीतल्या मुलासारखी बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत वाचू लागली. डोळ्यांना दिसत होते, पण वाचन शिकायचे राहून गेले होते. कुम्बत दाराशी उभी राहून ऐकत होती. एक ओळ संपली. डॉक्टर "पुरे" म्हणाल्या. बुरुल दुसऱ्या ओळीवर गेली.

ती शाळेतच राहिली. वर्ग मात्र खालचा मिळाला. तिथल्या बाकांत तिचे गुडघे मावत नव्हते, असे सोनुन एजे एकदा तपासणीला आल्या तेव्हा सांगत होत्या. डावा डोळा थोडा सुधारला. पुरता नाही.

पुढे नवे, चपळ यंत्र आले आणि मी कोठारात आलो. नव्याच्या पोटातही माळरान आहे म्हणतात. माझ्यावर धूळ बसू देऊ नका, असे मी मागणार नाही. एवढेच मागतो : मी किंवा माझ्यासारख्याने शून्य सांगितले, म्हणून मुलाचे बोलणे थांबवू नका. डोळ्यांत थेंब घाला, वाट पाहा, आणि तोवर त्याला काय होते ते ऐकून घ्या.

कोठारात येण्याआधी शेवटी ज्यांना मोजले त्यांत कुम्बतची धाकटी होती. ती अजून शाळेत जात नव्हती, तिची कसली तक्रारही नव्हती. ती लाथा झाडत ओरडत होती. बाहेरच्या बायका म्हणाल्या, "एवढ्याशा पोरीला कशाला छळतेस? चांगलं दिसतंय की तिला."

कुम्बतने तिचे डोके छातीशी घट्ट धरले आणि डॉक्टरांना म्हणाली, "तुम्ही घाला थेंब. ती काय सांगते ते मी ऐकते."