टाकीतला मिशाळ

नवऱ्याला अर्धांगाचा झटका येऊन सात महिने झाले होते आणि त्याच्या तोंडून धड निघत होते ते फक्त आकडे. त्यात तसं नवल नव्हतं. तीस वर्षं तो एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. नट, बोल्ट, बेअरिंगं, पट्टे, सगळं मोजून घ्यायचं आणि मोजून द्यायचं. आता उजवा हात गेला होता, उजवा पाय ओढावा लागत होता, बायकोला हाक मारायला शब्द सापडत नव्हता. पण त्याला पुन्हा बोलायला शिकवण्यासाठी घरी येणाऱ्या बाईंनी बोटं दाखवली, तर तो अडखळत सातापर्यंत गेला. बाई हुशार होत्या. त्यांनी त्याची खुर्ची बाहेरच्या खोलीतल्या माशांच्या टाकीकडे वळवली आणि म्हणाल्या, रोज सकाळी हे मोजायचे.

टाकी त्याचीच, चार फूट लांब. तळाला वाळू, मध्ये एक वेडंवाकडं लाकूड, उजव्या कोपऱ्यात पाणवनस्पतींची दाटी. मासे अकरा. दोन सोनेरी, तळहाताएवढे. तीन एंजल, पतंगासारखे चपटे. आणि सहा बोटभर चंदेरी, सतत घोळक्याने फिरणारे. महिन्याभरात तो अकरापर्यंत पोचला. त्या दिवशी बाईंनी वहीत तारीख घालून "अकरा" लिहिलं, आणि बायको स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावून रडली.

बायको एका लाँड्रीत रफू करायची. दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीपाशी, दिवसभर लोकांच्या सुटांची भोकं बुजवत बसायची. काम इतकं बारीक की भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकालाच शोधावं लागे. सकाळी नवऱ्याला उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, खुर्चीत बसवायचं आणि धावत दुकान गाठायचं. शेजारीण दुपारी एकदा डोकावून जायची.

बाराव्या माशाची भर धाकट्या दिराने घातली. दीर स्वभावाने दिलदार, हसरा. भावाकडे बघून त्याला रडू यायचं म्हणून तो जरा जास्तच हसायचा. एका सुट्टीच्या दिवशी तो पाण्याने भरलेली पिशवी नाचवत आला. आत अंगठ्याएवढा मासा, काळी पाठ, पांढरं पोट, लालसर शेपूट आणि तोंडाला लांबलचक मिशा.

"कॅटफिश आहे, वहिनी. तळ चाटूनपुसून साफ ठेवतो. तुमचं तेवढंच काम कमी." मग भावाकडे वळून म्हणाला, "दादा, आपल्या हेडमास्तरांसारखा दिसतो की नाही? मिशाळ म्हणू या याला."

नवरा हसला होता. निम्म्याच तोंडाने, पण हसला होता. मिशाळ लाकडाखाली शिरला आणि दिवसचे दिवस तिथेच पडून राहिला. मोजणीत त्याला धरायचं नाही असं बाईंनी ठरवलं, कारण तो दिसायचाच नाही.

दोनेक महिने गेले. एका सकाळी नवरा दहावर थांबला.

बायको वेणी घालत होती. ती म्हणाली, "अकरा. परत मोजा." त्याने परत मोजले आणि पुन्हा दहावर थांबला. पुढच्या आठवड्यात तो नऊवर थांबला. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की त्याला उजव्या बाजूचं कमी दिसतं, आणि वनस्पतींची दाटी उजवीकडेच होती. ती त्याची मान हळूच उजवीकडे वळवायची आणि म्हणायची, "इकडे बघा, इकडे असतील." तो बघायचा, मान हलवायचा आणि डावा हात काचेवर आपटायचा.

ती स्वतः एकदाही मोजायला बसली नाही. टाकीवरून नजर फिरवली की काहीतरी हलताना दिसायचं, आणि तिला तेवढं पुरे वाटायचं.

आकडा आठवर आला, मग सहावर. बाईंनी वही डॉक्टरांकडे पाठवली. डॉक्टर म्हणाले, मागे चाललेत, चिडचिडही वाढलीय. आणि त्यांनी गोळ्या बदलल्या. नव्या गोळ्यांनी तो दुपारभर झापडलेला असायचा. जागा असला की एकच करायचा: टाकीकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "खा... खा..."

नवा शब्द आला म्हणून तिला आधी आनंदच झाला. ती लगबगीने ताटली आणायची, घास त्याच्या तोंडाशी धरायची. तो तोंड मिटून घ्यायचा. तिने फार आर्जवं केली की घास घ्यायचा आणि तो गिळताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. "खा," तो पुन्हा म्हणायचा. मग तिला वाटायचं, आपल्याला जेवायला सांगतोय. ती म्हणायची, "मी खाते हो, तुमचं झालं की मी खाते." एकदा त्याने ताटली डाव्या हाताने उडवली. भिंतीवर डाग पडला तो पडलाच.

त्या संध्याकाळी तिने शेजारणीच्या मदतीने त्याची खुर्ची आणि पलंग आतल्या खोलीत हलवला. टाकी बघून त्रास होतो, तर नकोच ती डोळ्यांसमोर. नेताना त्याने दाराची चौकट धरून ठेवली. तिने त्याची बोटं एकेक करून सोडवली.

आतल्या खोलीत गेल्यावर तो बोलायचा बंद झाला. आकडे नाहीत, "खा" नाही. बाई येत, बोटं दाखवत, वाट पाहत आणि वही मिटून जात. तीन आठवडे असे गेले. ती दुकानात सुईत दोरा ओवायची आणि मनात म्हणायची, संपलं, हा माणूस आता हाताला लागत नाही.

मग एका रविवारी दुपारी ती आत त्याची उशी बदलत असताना बाहेर टाकीत जोरात काहीतरी आपटलं. पाणी जमिनीवर सांडल्याचा आवाज आला. ती बाहेर आली.

मिशाळ लाकडाखालून बाहेर आला होता. तो हातभर लांब झाला होता. त्याचं रुंद तोंड पूर्ण ताणलेलं होतं आणि त्यातून सोनेरी माशाची शेपूट बाहेर हलत होती. मासा अजून जिवंत होता. मिशाळ शांतपणे, घाई न करता, एकेक आवंढा गिळावा तसा त्याला आत ओढत होता.

तिने झाकण फेकलं आणि कोपरापर्यंत हात घातला. मिशाळाला धरून वर ओढलं. त्याने अंग झटकलं तसा पंखाचा काटा तिच्या तळव्यात खोल शिरला, पण तिने सोडलं नाही. शेवटी त्याने सोनेरी मासा ओकून टाकला. माशाचे अर्धे खवले सोलून निघाले होते. तो आडवा तरंगत राहिला आणि तासाभरात गेला.

तिने लाकूड उपसून काढलं. वनस्पती मुळासकट ओढून जमिनीवर टाकल्या. मग गढूळ पाणी निवळेपर्यंत रक्ताळलेला हात पदरात गुंडाळून उभी राहिली. टाकीत एक सोनेरी होता, एक एंजल होता आणि मिशाळ होता. बाकी काही नव्हतं. साधा काटाही तळाला नव्हता.

दहा म्हणाला तेव्हा दहाच होते. नऊ म्हणाला तेव्हा नऊ. आणि तो जेवायला मागत नव्हता. हा खातोय, एवढं एक वाक्य सांगायला त्याच्याजवळ एकच अक्षर होतं, आणि तिने प्रत्येक वेळी त्या अक्षरावर घास ठेवला होता.

ती ओल्या जमिनीवरच बसली.

तिने फोन केला तेव्हा दीर ताबडतोब आला. आधी तो म्हणाला, असं होणार नाही, दुकानदाराने शांत मासा म्हणून दिला होता. त्याने तिथल्या तिथे दुकानदाराला फोन लावला. दुकानदार म्हणाला, "शांतच आहे हो. तोंडात मावेल ते खातो, एवढंच." परत घेणार का विचारलं, तर म्हणाला, माझ्याकडे असे परत आलेले तीन पडून आहेत, चौथा कुठे ठेवू? दिराने फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग तो म्हणाला, वहिनी, मी याला बादलीत घालतो आणि गावाबाहेरच्या तळ्यात सोडून येतो, विषय संपला.

"नाही."

आवाज आतल्या खोलीतून आला. दोघंही दारात गेली. नवरा पलंगाच्या कडेला बसला होता, डाव्या हाताने चादर घट्ट धरून. तो पुन्हा म्हणाला, "नाही." मग बराच वेळ त्याचे ओठ नुसते हलत राहिले, घाम आला, आणि शब्द बाहेर पडले. "तिथले... खाईल."

दीर त्याच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा रडला.

मिशाळाला आंघोळीच्या टबात ठेवलं. पुढचे सहा दिवस दीर कामावर गेला नाही. त्याने शहरातल्या सगळ्या दुकानांत विचारलं, एका कॉलेजात विचारलं, एका श्रीमंताच्या बंगल्यावर जाऊन आला. शेवटी सार्वजनिक बागेतल्या मत्स्यालयाने होकार दिला. तिथला देखभाल करणारा माणूस दिराने नेलेल्या पिंपात वाकून बघत म्हणाला, "आणखी एक? लोक बोटाएवढा असताना घेतात आणि मग इथे आणतात." त्याने मिशाळाला खोलीएवढ्या टाकीत सोडलं. तिथे त्याच्याहून दुप्पट मोठे दोघं होते. दीर ते बघायला थांबला नाही.

डॉक्टरांनी त्या गोळ्या बंद केल्या. बाईंनी वहीची मागची पानं उलटून प्रत्येक आकड्यासमोर बरोबरची खूण केली आणि वही नवऱ्याला दाखवली. त्याने पानावरून बोट फिरवलं. खुर्ची पुन्हा बाहेर आली. बाई असल्या की तो एखाददुसरा शब्द काढायचा. बायको खोलीत आली की गप्प व्हायचा.

तिने त्याला सगळं सांगितलं होतं त्याच रविवारी, मिशाळ टबात गेल्यावर. तुमचं बरोबर होतं, मीच मोजले नाहीत, मला कळायला हवं होतं. त्याने ऐकून घेतलं होतं आणि मान फिरवली होती.

पंधरा दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. हातावरची पट्टी निघाली, पण मूठ नीट वळत नव्हती. दुकानात सुई धरायला त्रास व्हायचा. मालकीण म्हणाली, थोडे दिवस घरी राहा. ती म्हणाली, नको, घरी जास्त दुखतं.

एका सकाळी त्याचं तोंड पुसताना तिला राहवलं नाही. ती स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली.

"अहो, रागावलात ना माझ्यावर?"

तो तिच्याकडे बघत राहिला. उजवा डोळा जरा ओघळलेला होता, डावा तिच्यावर रोखलेला होता. ती वाट बघत राहिली. घड्याळात कामावर जायची वेळ होऊन गेली होती.

"हो," तो म्हणाला. आणि मग शब्द गोळा करत, अगदी हळू, "खूप."

ती मान हलवत राहिली. मग तिने रुमाल बाजूला ठेवला आणि तिथेच बसून राहिली, त्याला आणखी काही म्हणायचं असेल म्हणून.