रंगाखालचा नंबर

मित्रांनो, या जगाचा सगळा भार माझ्या पाठीवर आहे. तुमची वही, तुमच्या घराची वीट, तुमच्या शाळेचा बाक, सगळं कधी ना कधी माझ्यावरूनच आलेलं आहे. मी थांबलो तर दुकानं ओस पडतील, बांधकामं अडतील आणि थोरामोठ्यांची पळापळ होईल, अशी माझी फार दिवस समजूत होती. मग मी खरोखरच थांबलो. एका गोडाऊनच्या मागच्या कोपऱ्यात चांगला बराच काळ थांबून राहिलो. कुणाचं काहीही अडलं नाही.

तर मी एक जुना ट्रक आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्याच दिवशी अगदी माझ्यासारखे दिसणारे आणखी कितीतरी जन्मले. आमच्यात घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या चासीवर, म्हणजे आमच्या पाठीच्या कण्यावर, हातोड्याने एक नंबर ठोकण्यात आला. तोच नंबर एका पत्र्याच्या पट्टीवर उमटवून ती पट्टी केबिनमध्ये, डाव्या दाराच्या खांबाला रिबिटने पक्की केली. माणसांना स्वतःची ओळख पटवायला आयुष्य जातं. आम्हाला ती जन्मतःच दोन ठिकाणी मिळते. तिचं पुढे काय होतं, तेच सांगायला बसलो आहे.

माझी पहिली वर्षं एका मोठ्या वाहतूक कंपनीत गेली. तेव्हा माझं फार कौतुक होतं. कंपनीच्या कॅलेंडरवर माझा फोटो होता, आणि महिना उलटला तरी लोक ते पान फाडत नसत. पुढे मी एका शेठकडे आलो. शेठने माझ्यावर वाळू लादली, विटा लादल्या, आणि एकदा स्वतःचं बिऱ्हाडही लादलं. मग त्याने नवी गाडी घेतली आणि मला आपल्या गोडाऊनच्या कोपऱ्यात लावलं. टायर बसले. एका मांजरीने माझ्या बॅटरीच्या खोक्यात दोनदा बाळंतपण उरकलं. अधूनमधून एक भंगारवाला यायचा, माझ्या पाठीवर बोटाने टकटक करायचा आणि म्हणायचा, "लोखंड बरं आहे." एवढं एकच कौतुक तेव्हा माझ्या वाट्याला उरलं होतं.

आणि मग सावकाश आला.

हे त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव फक्त लायसनवर उरलं होतं. तो इतका जपून ट्रक चालवायचा की मागचे ड्रायव्हर त्याला ओलांडताना ओरडत, "काय सावकाश, मुक्काम का?" तेच नाव त्याला चिकटलं. दुसऱ्याच्या गाडीवर तो वर्षानुवर्षं पगारी ड्रायव्हर होता. एकदा बायकोला दवाखान्यात न्यायचं म्हणून त्याने सुट्टी मागितली, तर मालक म्हणाला, "गाडी माझी, माल माझा, तू नुसता पाय लाव." सावकाशने पाय काढून घेतला. नोकरी सोडली आणि स्वतःची गाडी घ्यायची ठरवली. नवी परवडणारी नव्हती. म्हणून मी.

कर्जासाठी तो आधी एका बँकेत गेला. तिथे काय झालं ते त्याने माझ्या स्टिअरिंगवर कपाळ टेकून बायकोला सांगितलं. मी ऐकत होतो. मला दुसरं काही काम नव्हतं.

"साहेब म्हणाले, धंद्याचा अनुभव किती? मी म्हटलं, अर्धं आयुष्य ट्रकवर गेलं. तर म्हणाले, तो नोकरीचा अनुभव. मालकीचा सांगा."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मालकी मिळाली की येईल."

"मग?"

"म्हणाले, आला की या."

शेवटी एक खासगी फायनान्स कंपनी तयार झाली. नव्या मालकाला, त्यातून एकट्याला, त्यातून जुन्या गाडीवर कर्ज द्यायचं म्हणजे त्यांच्या मते तीन धोके एकावर एक रचलेले. म्हणून व्याज जास्त, मुदत कमी आणि जामीन हवाच. जामीन म्हणून सावकाशचा मेहुणा उभा राहिला. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होता. सही केल्यापासून त्याची भूक मेली होती. तो रोज संध्याकाळी येऊन माझ्या टायरना लाथ मारून बघायचा आणि म्हणायचा, "भाऊजी, ही चालेल ना हो? माझा पगार अडकलाय हिच्यात."

आता एकच पायरी राहिली होती. कंपनीचा तपासनीस येऊन मला बघणार, माझी किंमत ठरवणार, आणि तो बरं म्हणाला तर त्याच संध्याकाळी मंजुरी. शेठला बयाणा देऊन झाला होता. त्यात सावकाशची सगळी शिल्लक गेली होती. शेठने स्पष्ट सांगितलं होतं, "तपासणीच्या दिवशी संध्याकाळपर्यंत मंजुरी आली तर गाडी तुझी. नाही आली तर बयाणा विसरायचा आणि गाडी भंगारात. मला कोपरा मोकळा पाहिजे."

मित्रांनो, एखाद्याला परीक्षेत नापास होण्याची भीती वाटते. मला भंगारवाल्याच्या गॅस कटरची वाटत होती.

सावकाशलाही भीती वाटत होती. आणि घाबरलेला माणूस स्वस्थ बसला असता तर जगातले निम्मे घोटाळे टळले असते. तपासनिसासमोर मी जुनाट दिसू नये म्हणून त्याने मला रंगवायला काढलं. शेठ म्हणाला, "रंगव की. माझं काय जातंय." केबिनला निळा रंग लागला. चासीला काळा, तोही एक हात नव्हे, तीन हात. पेंटर म्हणाला होता, "खाली कोण बघतंय?" पण सावकाश म्हणाला, "तिथेच बघतात." हे अगदी बरोबर होतं. म्हणूनच तर पुढचं घडलं.

त्याची बायको सीट कव्हरं शिवायची. तिने माझी केबिन आतून लाल रेक्झिनने मढवली. खाली फोम, वर टाके, टाक्यांचे शंकरपाळ्यासारखे चौकोन. सीट, छत, दारं, खांब, काही सोडलं नाही. डाव्या खांबावर रेक्झिन ताणताना ती एकदम ओरडली, "आई गं! अहो, इथे काहीतरी आहे."

"खिळा असेल," सावकाश खालून म्हणाला. "फोम जाड लाव."

तिने फोम जाड लावला. अंगठ्याला चिंधी गुंडाळली आणि पुढचा टाका घातला.

अशा रीतीने माझी ओळख जिथे जिथे होती तिथे तिथे ती सुशोभित करण्यात आली.

तपासनीस दुपारी आला. शिडशिडीत, गळ्यात कॅमेरा, खिशात पेन्सिल आणि चिकट कागद. त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "नवी दिसतेय."

सावकाशचा चेहरा उजळला. माझा नाही. तपासणाऱ्या माणसाच्या तोंडी 'दिसतेय' हा शब्द बरा नव्हे.

तो पुढच्या उजव्या चाकाशी उकिडवा बसला. चासीवरच्या नंबरावर चिकट कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की नंबराची छाप उमटते; ती छाप फाइलला लागते. त्याने कागद ठेवला, पेन्सिल घासली आणि कागद उन्हाकडे धरला. कागदावर छान, सलग काळं उमटलं होतं; नंबर नव्हता.

"नंबर कुठंय?"

"आहे ना साहेब, इथेच आहे. रंगाखाली आहे. थांबा, दाखवतो." आणि तपासनीस हात वर करेपर्यंत सावकाशने स्क्रूड्रायव्हरने खरवडायला सुरुवातही केली. रंग कडक होता. स्क्रूड्रायव्हर सटकला आणि शेवटच्या आकड्याला लागून वरून खालपर्यंत ओरखडा ओढत गेला.

"अहो! काय करताय?"

"नंबर दाखवतोय."

"नंबर खोडताय तुम्ही!"

सगळे वाकून बघू लागले. माझा शेवटचा आकडा इंग्रजी तीन. आता त्या तीनच्या उघड्या बाजूला ओरखडा असा काही बसला होता की तो आठही वाटावा.

"नोंदणीच्या कागदावर तीन आहे," तपासनीस म्हणाला. "इथे आठ दिसतोय."

"तीनच आहे साहेब. आत्ता तुमच्यासमोर तर लागलं."

"मला एवढंच दिसलं की वर जाड रंग होता आणि खाली ओरखडा आहे. चोरीच्या गाडीलाही असंच असतं. नंबर अस्पष्ट, एवढंच मी लिहू शकतो."

मेहुण्याने माझ्या बंपरवर बसकण मारली. 'अस्पष्ट' म्हणजे काय होतं ते त्याला चांगलं ठाऊक होतं. तो स्वतः कचेरीत तोच शेरा लिहीत असे.

"केबिनमध्ये कारखान्याची पट्टी असते," तपासनीस म्हणाला. "ती दाखवा. ती शाबूत असेल तर बघू."

सावकाशने सीटखाली बघितलं, डॅशबोर्डखाली बघितलं. शेठला विचारलं. शेठ म्हणाला, "मी कधी पट्टीबिट्टी पाहिली नाही बाबा. मी गाडी वापरायचो, वाचायचो नाही."

मित्रांनो, ट्रकला बोलता येत नाही हे इतका वेळ माझं ऐकताना तुम्ही विसरला असाल. मला ते त्या दुपारी फार आठवलं. पट्टी कुठे आहे ते त्या जागेत एकट्या मला माहीत होतं. सावकाशचा हात दोनदा त्या खांबावरून गेला. तिथल्या लाल चौकोनांवरून त्याने घामही पुसला. मी काय करणार? जन्मभर माझा हॉर्न दुसऱ्यांनीच वाजवला.

तेवढ्यात फाटकातून भंगारवाला आला. मागे हातगाडीवर गॅसची नळकांडी आणि कटर. शेठने त्याला संध्याकाळी बोलावलं होतं, पण चांगल्या मालासाठी तो नेहमीच लवकर यायचा. त्याने माझ्या पाठीवर टकटक केलं. "रंग कशाला लावला?" तो हळहळला. "जळताना वास येतो."

तपासनिसाने पेनाला टोपण लावलं. "मला अजून दोन गाड्या बघायच्यात," म्हणाला आणि मोटारसायकलकडे निघाला. सावकाश माझ्या पायरीवर उभा होता. बयाणा गेला होता. नोकरी त्याने आधीच सोडली होती. पुन्हा कुणाच्या तरी गाडीला पाय लावायचा, आणि तो लावायला जाताना मेहुण्याकडे बघायचं नाही, एवढंच हातात राहिलं होतं.

"अहो," त्याची बायको म्हणाली. ती इतका वेळ एका बाजूला उभी राहून अंगठा चोळत होती. "त्या दिवशी माझा अंगठा कशाने कापला?"

"आत्ता काय अंगठ्याचं? खिळ्याने."

"खिळा टोचतो. कापत नाही." तिने अंगठा वर केला. त्यावर सरळ, बारीक खूण होती. "हे पत्र्याने कापलंय."

मग ती माझ्या केबिनमध्ये चढली. पिशवीतून कात्री काढली. डाव्या खांबावरच्या चौकोनाशी कात्रीचं टोक टेकवून ती क्षणभर थांबली. सगळ्यात सुबक टाके तिथेच पडले होते.

"ताई, बघून काप गं!" मेहुणा ओरडला.

"न बघता शिवलं होतं ना, तेच नडलं," ती म्हणाली आणि तिने रेक्झिन उभं चिरलं.

आतून पिवळा फोम उसळून बाहेर आला. तिने तो मुठीने उपसला. खाली काळपट पत्रा, पत्र्याला कारखान्याचे चारही रिबिट, आणि पत्र्यावर माझा अख्खा नंबर. शेवटचा आकडा तीन.

"साहेब!" सावकाश इतक्या जोरात ओरडला की मोटारसायकल बंद पडली.

तपासनीस परत आला. त्याने बॅटरी मारून रिबिट तपासले, फोटो काढला, छाप घेतली आणि फाइलशी ताडून पाहिली. भंगारवाल्याने हातगाडीवर टेकून विडी पेटवली.

"चालेल," तपासनीस म्हणाला.

मेहुणा बंपरवरून उठला आणि पुन्हा बसला.

किंमत लिहिताना तपासनीस म्हणाला, "रंगाचे पैसे धरत नाही. आतलं रेक्झिन फाटलंय, त्याचे थोडे वजा करावे लागतील."

"ते तर तुमच्यासाठी फाडलं!" सावकाशची बायको म्हणाली.

"फाटलंय एवढंच मी लिहू शकतो, वहिनी."

कमी पडलेले पैसे मेहुण्याने घातले. तेव्हापासून तो मला 'आपली गाडी' म्हणतो आणि पुढच्या सीटवर बसल्याशिवाय घरी जात नाही. मंजुरी संध्याकाळी आली. शेठने किल्ली दिली. भंगारवाल्याने हातगाडी वळवली आणि जाता जाता विचारलं, "गाडी तुझीच झालीये, तर उद्या माझा माल टाकतोस का भट्टीवर?"

असं माझं नव्या मालकाकडचं पहिलं भाडं भंगाराचं झालं. मी लोखंड वितळवायच्या भट्टीच्या फाटकातून आत गेलो, काट्यावर वजन झालं, माल उतरला, पुन्हा वजन झालं आणि मी बाहेर आलो. आत गेलेल्यांपैकी बाहेर येणारा त्या दिवशी मी एकटाच होतो. खांबावरच्या चिरेला आता पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा लावला आहे. त्यातून पट्टी दिसते. सावकाशची बायको ती महिन्यातून एकदा पदराने पुसते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. त्यांना तेल द्या, हवा द्या, जमलं तर त्यांच्या बॅटरीच्या खोक्यातून मांजर हलवा. हौस असेल तर रंगही द्या. पण ब्रश टेकवण्यापूर्वी खाली काय लिहिलंय ते एकदा वाचा. ज्याला तुम्ही जपता आहात तो कोण, हे निदान तुम्हाला तरी माहीत असलं पाहिजे.

सावकाश आता कुणाचा नोकर नाही. सुट्टी घ्यायची तर स्वतःलाच विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. पूर्वी दर महिन्याच्या पाच तारखेला त्याचा पगार व्हायचा.

हप्ताही पाच तारखेलाच असतो.