पाहुण्याचं जेवण होऊ दे

“चाचा, तो डबा समोरून काढा ना प्लीज. पाहुणे हॉटेलमधून खाली येतायत,” मिहिका म्हणाली.

शौकतने डॅशबोर्डवरचा स्टीलचा डबा उचलून मांडीवर घेतला. आत सांदणं होती. त्याच्या बायकोने, जहांआराने, भाचीच्या किचनमध्ये पहाटे उठून वाफवलेली, वर ओलं खोबरं घातलेली.

“मॅडम, पाहुण्यालाच आणलीत. घरची हायत.”

“नो नो, चाचा! त्यांना गिफ्ट चालत नाही. रूल्स आहेत.”

मिहिका शारजात वाढलेली, रोल्लाच्या गल्ल्यांत. आता अबू धाबीत एका बड्या अमेरिकन तेल-वायू कंपनीच्या ‘गव्हर्नमेंट अफेअर्स’ खात्यात होती. शौकत मूळचा दापोलीकडचा. गेली वीसेक वर्षं तो त्याच कंपनीची पाहुण्यांची गाडी चालवत होता. पाहुणे म्हणजे वॉशिंग्टनची माणसं. तिथे कुणाला भेटायचं, कुणाला इथे बोलावून फिरवायचं यावर कंपनी दर वर्षी एवढे डॉलर ओतते, की शौकतने एकदा त्याचे दिरहम केले आणि रुपये करण्याआधीच नाद सोडला. “लपवाछपवी नाही हं चाचा, सगळं डिक्लेअर करतात,” मिहिकाने त्याला सांगितलं होतं. त्याला लॉबिंग म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी दुसरा शब्द आहे, पण तो फक्त गरिबाने हात ओले केले तरच वापरायचा असतो.

आजचा पाहुणा डॉसन. एका वजनदार खासदाराचा सल्लागार. कुठल्याही देशातल्या विहिरीवर वायू गळला तर तो कंपनीला लपवता येणार नाही, असा कायदा तिकडे होऊ घातला होता, आणि त्याचा मसुदा याच्या हातात होता.

आणि शौकतचा मुलगा उझैर हॉस्पिटलात होता. कंपनीच्या ठेकेदाराकडे, वाळवंटातल्या एका विहिरीवर तो कामाला होता. व्हॉल्व्हजवळ वायू गळला आणि पोरगं तिथेच कोसळलं. जीव वाचला, फुप्फुसं गेली. गळती झालीच नाही, पोराला आधीचा दमा असणार, असं ठेकेदाराने सांगितलं आणि कंपनीने मान डोलावली. व्हिसा रद्द झाला. गुरुवारी डिस्चार्ज, गुरुवारीच मुंबईचं विमान. गावात ऑक्सिजनचा सिलिंडर कोण भरून देणार, हे कुणी विचारलं नव्हतं. मास्क तासभर बाजूला राहिला तर काय होईल, हे डॉक्टरने शौकतला बाहेर बोलावून सांगितलं होतं. उझैरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं; ‘काय तरी सांगायचंय, परत आलो की सांगतो,’ एवढंच शौकत त्याला सकाळी म्हणाला होता.

शौकतचं मागणं एवढंसं होतं. डॉसनने फक्त एकदा विचारावं, ‘त्या पोराच्या उपचारांचं काय?’ मोठ्या माणसाने नुसतं विचारलं की कंपनी कशी हलते, हे त्याने गाडीच्या आरशात अनेकदा पाहिलं होतं.

डॉसन गाडीत बसला. माणूस चांगला वाटला. त्याने शौकतचं नाव विचारलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं. मिहिका मागच्या गाडीत होती. यापेक्षा चांगली संधी कुठली? शौकतने घसा खाकरला आणि डॉसन हसत म्हणाला, सकाळपासून पोटात काही नाही, भुकेने जीव चाललाय.

झालं. शौकतच्या आईचा दंडक होता, भुकेल्या पाहुण्यापुढे गाऱ्हाणं मांडायचं नाही. तो जेवत असताना तर नाहीच, घास कडू होतो. त्याला जेवू द्यावं, हात धुवू द्यावेत, मग मागावं. आख्ख्या मोहल्ल्यात ही रीत होती. पैसे उसने मागायला आलेला माणूससुद्धा समोरच्याचं जेवण होईपर्यंत ओटीवर बसून राही.

त्याने नुसता डबा पुढे केला. “माय वाइफ मेड, सर.”

डॉसनने वास घेतला. हात पुढे आला, मागे गेला. माफ कर, म्हणाला, आम्हाला कुणाकडून काही घेता येत नाही, कायदा फार कडक आहे. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

खलिफा सिटीत कंपनीचा पाहुण्यांचा व्हिला होता. तिथे आख्खा बकरा भातावर मांडून ठेवला होता. तो कायद्यात बसत होता, कारण तो ‘अभ्यासदौऱ्या’चा भाग होता. शौकत किल्ली हातात धरून दाराशी उभा राहिला. वॉशिंग्टनहून आलेला कंपनीचा माणूस, केलर, डॉसनच्या शेजारी बसला होता. तो स्वतः खात नव्हता. मऊ मऊ तुकडे सोडवून डॉसनच्या ताटात घालत होता आणि बोलत होता. ते कलम फक्त अमेरिकेपुरतं ठेवलं तर? परदेशातल्या विहिरी वगळल्या तर? तुमच्याच लोकांच्या नोकऱ्या वाचतील.

शौकतला एवढं इंग्रजी कळत होतं. घास घोळवत डॉसनने मान हलवली. होकाराची.

ही माणसं तोंडात घास असतानाच मागतात! तेव्हा नाही म्हणता येत नाही म्हणूनच मागतात. आत जावं, ताटाशी उभं राहावं, ओरडावं, की माझं पोर गुदमरतंय. एक पाऊल त्याने उचललंही. पण डॉसन जेवत होता. शौकतचे पाय उंबऱ्यापाशी थांबले. हात धुवू देत, त्याने स्वतःला बजावलं, मग गाडीत बोलू.

तो गाडीत जाऊन एसी लावून बसला. बऱ्याच वेळाने मिहिका एकटीच बाहेर आली.

“चाचा, खलास. तुम्ही निघा. केलर त्यांना घेऊन मागच्या गेटने एअरपोर्टला गेले.”

“गेले? पन माजं बोलायचं रायलं! पोराचं...”

“मला माहितीये.” ती कुजबुजली. “नाही बोललात तेच बरं केलंत. तुमचाही व्हिसा गेला असता.”

“जाऊ दे ना! व्हिसा घेऊन काय करू? मॅडम, तुमी तरी कुनाला सांगा. पाया पडतो.”

तिचे डोळे भरले होते. “आय कान्ट, चाचा,” ती म्हणाली आणि आत गेली.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये जहांआरा वाट पाहत होती. “बोललात?”

“जेवत होता तो.”

“मग बरोबर. जेवनाऱ्याला कसं...” ती बोलता बोलता थांबली. तिने पदर तोंडात कोंबला आणि भिंतीकडे वळली.

शौकत आत गेला. उझैर उशांना टेकून बसला होता. बापाच्या हातातला डबा बघून त्याचे डोळे हसले. त्याने मास्क थोडा वर केला.

“अब्बा, तुमी काय तरी सांगनार होतात ना?”

“सांगतो. तू आदी खा.”

शौकतने सांदणाचा तुकडा मोडून त्याच्या तोंडात घातला आणि मास्क खाली ओढला. उझैर हळूहळू चावत होता. दर घासाला दम लागत होता, म्हणून फार वेळ लागत होता. शौकतने पुढचा तुकडा आणखी लहान मोडला.