सत्तावन्न नंबरचे हेल्मेट

मी एक जुने हेल्मेट आहे, मित्रांनो. क्लबच्या खोलीत, बिअरच्या नळाशेजारी, काचेच्या कपाटात मला ठेवले आहे. लोक सॉसेज खात माझ्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, काय दिवस होते ते! मला विचाराल, तर जळो ते दिवस.

माझा जन्म अमेरिकेतल्या कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून मी जर्मनीतल्या हेर्नबेक गावी आले. गावातली कोळशाची खाण बंद पडली होती आणि सगळ्यांचा जीव आता ‘हेर्नबेक बायसन’ या अमेरिकन फुटबॉलच्या संघात अडकला होता. नाव फुटबॉल, पण या खेळात पाय कमी आणि धडक जास्त. मी सत्तावन्न नंबरच्या टोर्गेच्या वाट्याला आले. संघ युरोपातल्या लीगमध्ये खेळणारा, व्यावसायिक म्हणवणारा. तरी टोर्गेचे घर चालायचे ते लोकांच्या छपरांवर कौले बसवून.

सामान सांभाळायला डिटमार होता, जुना खाणकामगार. तो मला डोळ्यांत तेल घालून जपायचा. माझ्यावर ओरखडा दिसला तर त्याला जेवण गोड लागत नसे. आतल्या डोक्याची विचारपूस मात्र कोणी करत नसे.

त्या हंगामात आम्ही पहिले चार सामने हरलो. मग टोर्गे असा पेटला की पुढचे पाच जिंकलो. शेवटचा सामना जिंकला तर संघ लीगमध्ये राहणार, हरला तर खालच्या गटात जाणार. त्या सामन्यात टोर्गेला एक जबर धडक बसली. मला काही झाले नाही, पण आत त्याचे डोके गदगदा हलले. तो उठला आणि सरळ समोरच्या संघाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. प्रेक्षक हसले.

आमची फिजिओ मारेन धावत आली. डोक्याला मार लागला की खेळाडूचे हेल्मेट काढून घ्यायचे, ही या खेळातली रीत. हेल्मेटशिवाय कोणी मैदानात जाऊ शकत नाही, आणि खेळाडूच्या शब्दावर विसंबण्यात अर्थ नसतो. तिने मला बाकाखाली सारले आणि ती दुसऱ्या जखमीकडे गेली.

बाकावर एक धडधाकट अमेरिकन नुसता बसून होता. पण एका वेळी दोनच अमेरिकन खेळवायचे असा लीगचा नियम, आणि दोघे आधीच आत होते. टोर्गेच्या जागी जर्मनच हवा होता, आणि दुसरा कोणी उरला नव्हता. कोच आरडाओरडा करू लागला. टोर्गेने डिटमारला विचारले, "माझं हेल्मेट कुठंय? मी बरा आहे रे."

मारेनने मला का काढून ठेवले, हे डिटमारला पक्के ठाऊक होते. तरी तो वाकला.

"खाणीत आम्ही फुटकं डोकं घेऊन पाळी पुरी करायचो," तो म्हणाला. "सहाच मिनिटं राहिलीत. जा."

त्याने स्वतःच्या हाताने माझा पट्टा बांधला. चौथ्या मिनिटाला दुसरी धडक बसली. सामना आम्ही जिंकलो. टोर्गेला स्ट्रेचरवरून नेले आणि मला लोकांनी हातोहात नाचवले. मेली कसली ती मिरवणूक!

टोर्गे पुन्हा छपरावर चढला नाही. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्याला घेरी येते. भर दुपारी तो पडदे ओढून पडून असतो. तीन वर्षांनी, गेल्या रविवारी, बायकोचा हात धरून तो पहिल्यांदा क्लबात आला. डिटमारने कपाट उघडून मला त्याच्या हातात दिले. टोर्गेने मला उलटसुलट करून पाहिले.

"डिटमार," त्याने विचारले, "त्या दिवशी आपण जिंकलो का?"

डिटमार भिंतीकडे तोंड करून रडला.

मित्रांनो, खेळा, जरूर खेळा. पण कोणाच्या डोक्याला मार लागला तर त्याला बाहेर बसवा. संघ हरला तर हरू द्या. त्या दिवशी मला सगळे कळत होते, पण मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.