आठ वेळा हललेला कप

मी एक जुनी काचेची किटली आहे. निदान भिकाजी तरी मला किटली म्हणतो. खोक्यावर दुसरंच काही छापलं होतं. माझा जन्म कुठला तेही सांगता येत नाही, कारण बुडावरची अक्षरं घासून घासून गेली. ओमानमधल्या मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका अमेरिकन डायनरमध्ये मी कामाला लागले. डायनर अमेरिकन, मालक म्हणजे अर्बाब ओमानी, कॉफी वाढणारा भिकाजी कुडाळचा. मग मित्रांनो, मी कुठली?

डायनरची रीत ऐकून भिकाजी पहिल्याच दिवशी हरखला. पैसे एका कपाचे द्यायचे आणि बसाल तोवर कॉफी प्यायची! "किटलीबाय, ह्यो तर रोजचो महाप्रसाद!" असं तो मला विसळताना म्हणाला. माणूस कीर्तनवेडा. त्याची गुणगुण ऐकून ऐकून मलाही तुम्हाला 'श्रोतेहो' म्हणावंसं वाटतं.

पण ओतायचं थांबायचं कधी? आमची सुपरवायझर श्यामला केरळची. ती म्हणाली, "कप खाली दिखा तो भरो. ऊपर हाथ रखा तो रुको." भिकाजीच्या गावी पानावर हात आडवा धरला तरी एक डाव पडतोच. म्हणून गिऱ्हाईकाने कपावर हात ठेवला की हा मला घेऊन हात उचलेपर्यंत शांतपणे उभा राहायचा, आणि मग भरायचा.

"अरे बाबा, ये तुम्हारा शादी का पंगत नहीं है!" श्यामला करवादली.

तेव्हा त्याने मनाशी पक्कं केलं. हात ठेवला तर नको. नाही ठेवला तर हवी.

मग एके सकाळी निझवा गावाहून अर्बाबचे काका आले, नासिरबाबा. कप संपवून त्यांनी तो भिकाजीपुढे धरला आणि इकडेतिकडे हलवला. वर हात नव्हता. भिकाजीने भरला. बाबांनी प्यायली, पुन्हा हलवला. असं आठ वेळा! शेवटी बाबांचा हातच थरथरायला लागला. "बाबांक आवडली गो!" भिकाजी खूश. काहीतरी चुकतंय असं मला वाटत होतं, पण काय ते कळेना.

दुसऱ्या दिवशी अर्बाब एकटाच आला. काकांची छाती रात्रभर धडधडत होती, डॉक्टरकडे न्यावं लागलं. तो श्यामलाला म्हणाला, "ये आदमी नहीं चलेगा. खलास!"

नोकरी पक्की होण्याआधीचे भिकाजीचे कच्चे तीन महिने अजून सरले नव्हते. नोकरी गेली की सरळ कुडाळ. श्यामला मध्ये पडली. "अर्बाब, काका को आने दो. उनसे पूछो."

तिसऱ्या दिवशी बाबा आले, अर्बाबही मागोमाग. बाबांनी एक कप संपवला, पुढे धरला, हलवला. भिकाजीने मला उचललं, खाली ठेवलं, परत उचललं. त्याच्या हाताबरोबर माझ्यातली कॉफी डुचमळत होती. शेवटी तो म्हणाला, "बाबा, माफ करो. ये हाँ है कि ना?"

"ना! हमारे में कप हिलाया मतलब बस! आठ बार ना बोला!"

"तो पिया क्यों?"

"तूने डाला," बाबा म्हणाले. "मेहमान वापस कैसे करे?"

आणि ते हसू लागले. मग ते पुतण्याला अरबीत बरंच काही बोलले. मला कळलं फक्त शेवटचं अर्बाबचं "यल्ला!", म्हणजे 'चल, लाग कामाला', कारण भिकाजी मला घेऊन पुढच्या टेबलाकडे निघाला होता.

पुढे माझ्या मुठीला तडा गेला. डायनरमध्ये बटणाचं मशीन आलं आणि भिकाजीने मला बौशर भागातल्या आपल्या खोलीवर आणलं. शुक्रवारी मोबाइलवर कीर्तन लागतं, माझ्यात चहा असतो. कधी कधी नासिरबाबाही येतात. परवा त्यांनी कप हलवला. भिकाजी थांबला. पण बाबा कप खाली ठेवीनात! धरूनच बसले, माझ्याकडे बघत.

"बाबा, हाँ कि ना?"

"तू बोल," बाबा म्हणाले.

भिकाजीने मला कलती केली.

मित्रांनो, 'पुरे' कधी खरं आणि कधी खोटं, मला अजून उमगलेलं नाही. तेव्हा जुन्या किटलीला तारेच्या घासणीने घासू नका, आणि वाढताना समोरच्याला एकदा विचारा. आम्हा किटल्यांना तोंड असतं, पण ते ओतण्यापुरतंच. विचारायचं तुम्हालाच आहे.